लॅश एक्स्टेन्शनचा ग्लू आणि आग: पार्लरवाल्या मैत्रिणींचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लॅश एक्स्टेन्शन म्हणजे पापणीच्या केसावर ग्लूने कृत्रिम केस चिकटवणं. सांगली, मिरज, तासगाव, विटा, जत इथून माझ्याकडे हे काम शिकायला येणाऱ्या मुलींनी वेळोवेळी विचारलेले हे प्रश्न. काही क्लायंटकडून आले, दोन-तीन त्यांच्या घरच्यांकडून. ग्लूमुळे डोळे चुरचुरतात, ॲलर्जी येते, त्याबद्दल वेगळं लिहायला हवं. इथे फक्त आगीचं.

लॅशचा ग्लू पेटतो का हो?

पेटतो, पण सहजासहजी नाही. हा ग्लू म्हणजे सायनोॲक्रिलेट, घरातल्या इन्स्टंट ग्लूच्या कुळातलाच. बहुतेक बाटल्यांत इथाइल सायनोॲक्रिलेट असतं. त्याचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला त्याच्यावरची वाफ ज्योत जवळ आल्यावर पेट घेते ते तापमान, साधारण ७५ ते ८५ अंश सेल्सिअस आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो तरी तिथपर्यंत जात नाही. त्यामुळे उघड्या बाटलीशेजारी काडी ओढली की भडका उडेल, असं नाही. मात्र आग आधीच लागलेली असेल आणि बाटली त्यात सापडली, तर ती जळणारच.

म्हणून ग्लूला घाबरून उपयोग नाही. त्याच ट्रॉलीवर आणखी ज्या बाटल्या असतात त्यांच्याकडे लक्ष द्या. आणि बेडवर जी बाई डोळे मिटून पडलेली असते, तिच्याकडे.

मग ट्रॉलीवर पेटणारं नेमकं काय असतं?

पहिला नंबर ॲसिटोनचा. नेलच्या कामासाठी, ट्वीझर पुसायला, जेड स्टोनवरचा (ग्लूचा थेंब घ्यायच्या चपट्या दगडावरचा) वाळलेला ग्लू काढायला आपण तो सर्रास वापरतो. त्याचा फ्लॅश पॉइंट उणे २० अंशांच्या आसपास आहे. म्हणजे महाबळेश्वरच्या डिसेंबरातल्या पहाटेलाही त्याची वाफ पेटेल. शिवाय ही वाफ हवेच्या दुप्पट जड असते. ती वर जाऊन खिडकीतून निघून जात नाही, खाली उतरते, फरशीवरून सरकत बेडखाली साचते.

एक हिशेब सांगते. १०० मिली ॲसिटोन सांडून पूर्ण उडाला तर त्याची सुमारे ३३ लिटर वाफ होते. हवेत अडीच टक्के वाफ मिसळली की मिश्रण पेटण्याजोगं होतं. म्हणजे तेवढ्याशा बाटलीतून जवळपास १३०० लिटर हवा पेटती होऊ शकते, लॅश बेडच्या खालची सगळी जागा आणि वर थोडी आजूबाजूची. ही वाफ सगळीकडे सारखी पसरत नाही, कुठे दाट कुठे विरळ असते. पण आकडा लक्षात राहावा म्हणून सांगितला.

दुसरा नंबर प्रायमर आणि क्लीन्सरचा, म्हणजे लॅश लावण्याआधी पापण्या स्वच्छ करायच्या द्रवांचा. यांतल्या बऱ्याच बाटल्यांत आयसोप्रोपिल अल्कोहोल असतं, त्याचा फ्लॅश पॉइंट १२ अंशांच्या आसपास. हॅन्ड सॅनिटायझर आणि सर्जिकल स्पिरिट त्याच रांगेत. अल्कोहोलची ज्योत भर उजेडात नीट दिसतही नाही, आणि रिंग लाइटखाली तर नाहीच.

तिसरे स्प्रे. हेअर स्प्रे, बॉडी स्प्रे, नेल ग्लू झटपट वाळवणारे ॲक्टिव्हेटर. प्रेशरच्या डब्यात बहुतेक वेळा ज्वलनशील गॅसच भरलेला असतो.

लॅश काढायचा जेल किंवा क्रीम रिमूव्हर त्या मानाने बराच शांत. त्यातल्या बऱ्याच जातींत प्रॉपिलिन कार्बोनेट असतं, त्याचा फ्लॅश पॉइंट शंभर अंशांच्या वर. डोळ्याजवळ तर ॲसिटोनवाला पातळ रिमूव्हर नेऊच नये. तो ओघळतो, ही एवढी एकच गोष्ट पुरे आहे.

बाटलीवर काही लिहिलेलंच नसतं. कळणार कसं?

ज्याच्याकडून घेता त्याच्याकडे सेफ्टी डेटा शीट मागा, एसडीएस म्हटलं तरी त्याला कळतं. सोळा भागांचा कागद असतो, सगळा वाचायची गरज नाही. भाग ५ आग विझवण्याचा, ७ हाताळणी आणि साठवणीचा, ९ मध्ये फ्लॅश पॉइंट, १० मध्ये हा पदार्थ कशाशी जमवून घेत नाही ते. हे चार वाचले की काम भागतं.

लाल चौकटीत ज्योतीचं चित्र असेल तर ती बाटली ट्रॉलीवर कमीत कमी ठेवायची. नुसतं उद्गारचिन्ह असेल तर त्रास त्वचेला, डोळ्याला, श्वासाला आहे. लेबलच नसलेली, व्हॉट्सॲप ग्रुपवरून स्वस्तात आलेली बाटली घेऊ नका. आपल्याकडे २०२० च्या कॉस्मेटिक्स नियमांनुसार बाहेरून आणलेल्या सौंदर्यप्रसाधनाची नोंदणी लागते. लेबल नाही म्हणजे हा सगळा रस्ता चुकवूनच माल आलेला असणार.

ग्लू कापसाने पुसला की धूर येतो म्हणतात. खरं का?

खरं. आणि या कामात ग्लू स्वतःहून तापतो तो इथेच.

सायनोॲक्रिलेट घट्ट होताना उष्णता बाहेर टाकतं. पापणीवर एवढासा थेंब असतो, ती उष्णता जाणवतही नाही. पण कापूस, सुती कापड, लोकर, चामडं यांच्यात तो शोषला जातो, धाग्याधाग्यावर पसरतो आणि सगळाच्या सगळा एकदम घट्ट होतो. त्यामुळे उष्णताही एकदम बाहेर पडते. वर्गात हे मी स्टीलच्या ताटलीत, खिडकीपाशी, हातभर लांब उभं राहून दाखवते. कापसाच्या बोळ्यावर आठ-दहा थेंब टाकले की क्षण-दोन क्षण काहीच होत नाही. मुली माझ्याकडे बघायला लागतात. मग बोळा आक्रसतो, पांढुरकी वाफ सुटते आणि नाकात झोंबणारा वास येतो. नंतर चिमट्याने उचलला तर खडा झालेला असतो, ताटलीला खालून हात लावला तर चटका. घरी करून बघू नका, ती वाफ डोळ्यात गेली की तासभर पाणी थांबत नाही.

एका थेंबाने आग लागत नाही. पण बाटली कलंडून कापसाच्या पुडक्यावर रिकामी झाली, आणि शेजारी ॲसिटोनचे बोळे पडलेले असतील, तर नशिबावर सोडण्यासारखी गोष्ट नाही. नॉझल पुसायला कापूस किंवा जुन्या सुती साडीचा तुकडा घेऊ नका. नायलॉनचे मायक्रो ब्रश किंवा सिंथेटिक वाइप वापरा. जेड स्टोनवर किंवा बोटात घालायच्या ग्लू रिंगमध्ये उरलेला थेंब तिथेच वाळू द्या, मग खरवडा.

ग्लू क्लायंटच्या ड्रेसवर किंवा माझ्या जीन्सवर सांडला तर?

आधी पाणी. भरपूर, गार, ओतत राहायचं. कापड अंगावर तापून चटका बसतो, आणि मांडीवर घट्ट बसलेल्या जीन्समधून तर वाईट बसतो. चिकटलेलं कापड ओढून काढू नका, कातडी सोबत येते. वीस मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरा. फोड आले किंवा कापड सुटत नसेल तर डॉक्टर. बर्फ, टूथपेस्ट, हळद यातलं काही लावायचं नाही. हळदीची पेठ सांगलीत असली तरी नाही.

सिंथेटिक एप्रन घाला, सुती नको, असा सल्ला कधी कधी ऐकू येतो. ग्लूच्या बाबतीत तो बरोबर आहे, पण आगीच्या बाबतीत उलटा, कारण सिंथेटिक कापड पेटलं की वितळून अंगाला चिकटतं. माझं मत विचाराल तर सुती ड्रेसवर समोरून पातळ वॉटरप्रूफ एप्रन, मागून एका ओढीत सुटणारा. दोन्ही साधतं.

दुकानात सकाळी देवापुढे दिवा लावतो. तो पण बंद करायचा का?

बंद कोण करायला सांगतंय? गणपतीच्या गावात हे सांगून ऐकणार तरी कोण! जागा आणि वेळ बदला, एवढंच.

आपल्याकडचे गाळे दहा बाय बाराचे. देव्हारा बहुतेक वेळा काउंटरच्या मागे खालच्या कप्प्यात, आणि त्याच भिंतीला टेकून ट्रॉली. ॲसिटोनची वाफ फरशीवरून सरकते हे आठवा. दिवा वर, निदान खांद्याच्या उंचीला, बेडपासून लांबच्या भिंतीला लावा. पूजा आधी उरका, निरांजन शांत होऊ द्या, मगच बाटल्या उघडा. संध्याकाळी दिवेलागणीला क्लायंट बेडवर असेल तर इलेक्ट्रिक दिवा लावा, देव रागावत नाही.

अगरबत्तीबद्दल सगळ्या विचारतात. नुसत्या निखाऱ्याने ॲसिटोनची वाफ पेटेलच असं नाही, पण अगरबत्ती लावायला काडी ओढावी लागते, आणि पेटवते ती काडी. डासांच्या कॉइलचंही तेच, शिवाय ती बेडखाली ठेवायची सवय असते आणि ती जागा सगळ्यात वाईट. कापूर पार्लरमध्ये जाळूच नका.

लक्ष्मीपूजनाचा दिवस वेगळाच. दुकानात पणत्या, दारात रांगोळी, बाहेर फटाके, आणि पाडव्याला-भाऊबीजेला तयार व्हायचं म्हणून बेड भरलेले. त्या दिवशी ॲसिटोनची मोठी बाटली कपाटात कुलूपबंद राहू दे.

वॅक्स हीटर आणि लॅशची ट्रॉली शेजारी चालेल का?

नाही. हीटरचा थर्मोस्टॅट आत टक करतो तेव्हा ठिणगी पडू शकते, आणि वॅक्स जास्त तापलं तर तेही पेटतं. जागा कमी असली तर वेळ वेगळी ठेवा. गॅसवर कटोरी वॅक्स तापवत असाल तर ते आणि लॅशचं काम एका खोलीत करूच नका. नेलचं टेबल, जिथे ॲसिटोनमध्ये कापूस भिजवून तो फॉइलने बोटांना गुंडाळतात, तेही लॅश बेडपासून जमेल तितकं लांब.

एका एक्स्टेन्शन बोर्डवर किती गोष्टी चालतील?

साधा बोर्ड ६ ॲम्पिअरचा. २३० व्होल्टला गुणलं की १३८० वॅट, झाली त्याची हद्द. रिंग लाइट, छोटा यूएसबी पंखा, मोबाइल चार्जर, ह्युमिडिफायर एवढं सगळं मिळून दीडशे वॅटच्या आसपास, खुशाल चालवा. त्यातच हेअर ड्रायर लावला की एकटा ड्रायरच हद्द गाठतो. वॅक्स हीटर, स्ट्रेटनर, ड्रायर, एसी यांना भिंतीतला वेगळा पॉइंट हवा, एसीला तर १६ ॲम्पिअरचाच. प्लग हाताला गरम लागत असेल किंवा पिनेजवळचं प्लास्टिक पिवळं पडलं असेल तर तो बोर्ड आजच फेका. वायरमनकडून ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. तो शॉकपासून वाचवतो आणि वायरिंगमधून जमिनीकडे जाणारी गळतीही पकडतो.

आणि बोर्ड बेडखाली नको. प्रायमर सांडला तर तो तिथेच ठिबकणार.

इन्व्हर्टरची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, आणि हवेत चार टक्के हायड्रोजन झाला की तो पेटतो. तिला मोकळी हवा हवी. पार्लरच्या बाटल्यांचं कपाट आणि बॅटरी एकत्र ठेवलेली मी इतक्या ठिकाणी पाहिली आहे की आता आधी तेच विचारते.

उन्हाळ्यात ग्लू वाळत नाही म्हणून ड्रायर मारला तर?

उपयोग नाही. हा ग्लू उष्णतेने नाही, हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतो. सांगलीच्या एप्रिल-मेमधली कोरडी हवा आणि वर एसी, म्हणून तो रेंगाळतो. छोटा ह्युमिडिफायर लावा, आर्द्रता ४० ते ६० टक्क्यांत ठेवा. ड्रायरने प्रायमरची वाफ मात्र जोरात उडेल, आणि ड्रायरच्या आतली तार लाल असते.

ग्लू फ्रिजमध्ये ठेवतात. ॲसिटोनही ठेवू का?

न उघडलेला ग्लू ठेवा, काढल्यावर खोलीच्या तापमानाला आला की मगच उघडा. ॲसिटोन मुळीच नको. घरगुती फ्रिजच्या आत दिव्याचं बटण आणि थर्मोस्टॅट असतो. झाकण सैल राहिलं की बंद डब्यात वाफ साचते आणि दार उघडताना ठिणगी तिला भेटते.

होम सर्व्हिसला जाते. किट स्कूटीच्या डिकीत ठेवलं तर?

लग्नसराईत, दुपारी बारा ते तीन, उन्हात उभी स्कूटी. डिकीत ५०-६० अंश सहज होतात. ॲसिटोन ५६ अंशांना उकळतो. बाटली फुगते, झाकणातून वाफ निसटते, आणि खाली पेट्रोलची टाकी. किट खांद्यावर घ्या किंवा आत घरात न्या. तशा उन्हात ग्लूही बाद होतो, ते नुकसान वेगळं.

आग लागलीच, तर बेडवरच्या क्लायंटचं काय?

हा प्रश्न सगळ्यात कमी विचारला जातो आणि खरं तर पहिला असायला हवा.

जरा तिच्या जागी पडून बघा. दीड-दोन तास झाले आहेत. खालच्या पापण्यांवर जेल पॅच, वर टेप, वरच्या पापण्यांवर ओला ग्लू. चष्मा कुठेतरी ट्रेमध्ये, चप्पल बाहेर, अंगावर पांघरूण, एसीच्या गारव्यात अर्धी झोप लागलेली. खोली तिने आत येताना एकदाच पाहिली आहे. अशा वेळी तुम्ही "अगं बाई, आग!" म्हणून ओरडलात तर ती दचकून डोळे उघडेल आणि उठताना लाइटच्या स्टॅन्डवर आदळेल.

आवाज खाली ठेवा. तिचा खांदा धरा आणि तीन वाक्यं बोला. "ताई, डोळे मिटलेलेच ठेवा. उठून बसा. माझ्या खांद्यावर हात ठेवा, आपण बाहेर जातोय." पॅच सहज ओढला गेला तर ओढा, एका झटक्यात निघतो. नाही निघाला तर त्यासाठी थांबू नका, बाहेर रस्त्यावर काढता येईल. पर्स, चप्पल, मोबाइल यांच्यासाठी परत आत यायचं नाही, तिच्या नवऱ्याचा फोन वाजत असला तरी नाही. धूर असेल तर दोघींनी वाकून चाला, खाली हवा बरी असते.

बाहेर आल्यावर डोळ्यात जळजळ असेल तर साध्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा. पापण्या चिकटल्या असतील तर जोर लावू नका, रिमूव्हर डोळ्यात घालू नका, थेट डोळ्यांच्या डॉक्टरांकडे.

हे सगळं ऐनवेळी सुचत नाही. महिन्यातून एकदा दुपारी दुकान रिकामं असताना मदतनीस मुलीला बेडवर झोपवा, डोळ्यांना पॅच लावा आणि तिला दारापर्यंत आणून दाखवा. पहिल्या वेळी तुमची ट्रॉलीच रस्त्यात येईल. तिची जागा तेव्हाच बदला.

लेडीज पार्लर आहे, दार आतून बंद ठेवावंच लागतं.

आडोसा हवा हे मान्य. पण आडोसा पडद्यानेही होतो, कडी घालायची गरज नाही. मारुती रोड, गणपती पेठ भागातल्या जुन्या गाळ्यांना मागचं दारच नसतं. पुढे रोलिंग शटर, तेही दुपारी अर्धं खाली ओढलेलं, आत काचेचं दार, त्याला कडी, त्यामागे पडदा. म्हणजे डोळे मिटलेल्या बाईला घेऊन चार अडथळे ओलांडायचे. काम चालू असताना शटर पूर्ण वर हवं. काचेला फिल्म लावा, दाराला आतून किल्ली लागणारं कुलूप नको, नुसत्या मुठीने उघडणारं लॅच पुरे. मोटरचं शटर असेल तर वीज गेल्यावर हाताने कसं उचलायचं ते दुकानातल्या प्रत्येकीला आलं पाहिजे.

छताला थर्माकोल, भिंतीला पीव्हीसी पॅनेल, दारात फ्लेक्स. दिसायला छान दिसतं, पण पेटलं की काळा धूर पहिल्या मिनिटात खाली उतरतो. नवीन फर्निचर करणार असाल तर निदान बेडच्या वरचं छत जिप्समचं करा.

कोणतं फायर एक्स्टिंग्विशर घ्यायचं?

छोट्या गाळ्याला दोन किलोचं एबीसी पावडरचं, आयएसआय मार्क बघून. कापड, द्रव आणि वायरिंग, तिन्हीला चालतं. पावडर सगळीकडे बसते, ट्वीझरपासून एसीपर्यंत, पण त्याचं दुःख नंतर करा. द्रव आणि वायरिंगच्या आगीला दोन किलोचं कार्बन डायऑक्साइडचंही चालतं आणि घाण करत नाही, मात्र बंद लहान खोलीत ते हवाच खाऊन टाकतं. म्हणून क्लायंट आधी बाहेर. एक्स्टिंग्विशर दाराजवळ टांगा. आत टांगलं तर त्याला गाठायला आगीतून जावं लागेल. पावडरवाल्याचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का, महिन्यातून एकदा बघा.

वापरताना पिन ओढा, नळी ज्वाळेच्या बुडाशी धरा, दाबा, आणि डावीकडून उजवीकडे फिरवत राहा. पाठ दाराकडे. दोन किलोचा सिलिंडर काही सेकंदांत संपतो, तेवढ्यात विझली नाही तर निघा.

वाटीतला ॲसिटोन पेटला तर पाण्याचा तांब्या ओतू नका, जळता द्रव बाहेर उसळतो. वर स्टीलची ताटली उपडी घाला. काम झालं. म्हणून माझ्या ट्रॉलीच्या खालच्या कप्प्यात एक जेवणाची ताटली कायम असते, बघणाऱ्या हसतात.

फोन १०१ किंवा ११२. गल्लीचं नाव सांगून थांबू नका, जवळची मोठी खूण सांगा आणि कुणाला तरी कोपऱ्यावर उभं करा. पेठेतल्या बोळांत बंब अडकतो तो वळणावर.

ग्लू जळला तर सायनाइड होतं म्हणे?

सायनोॲक्रिलेटमध्ये नायट्रोजन आहे, त्यामुळे जळताना धुरात कार्बन मोनॉक्साइड आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडबरोबर थोडं हायड्रोजन सायनाइडही होऊ शकतं. पण तुमच्या बाटलीत ग्लू पाच मिली. क्लायंट ज्या बेडवर झोपली आहे त्याच्या फोममध्ये किलोच्या हिशेबाने माल आहे, आणि जळताना तोही हेच वायू सोडतो. धूर कशाचाही असो, त्यात थांबायचं नाही.

लॅशेस लावल्यावर चुलीपुढे भाकऱ्या करता येतील का?

पहिले एक-दोन दिवस वाफ आणि धग टाळा, ग्लू पक्का होऊ दे. नंतर करा, पण चेहरा लांब ठेवून. हे केस बहुतेक पीबीटी नावाच्या सिंथेटिक धाग्याचे असतात, सव्वादोनशे अंशांच्या आसपास वितळतात. त्याच्या बऱ्याच आधी कर्ल बिघडतो. गॅस उशिरा पेटून भप्पकन आला, चुलीत फुंकर घातली, होळीच्या ज्वाळेजवळ नारळ टाकायला गेलात, ओव्हनचं दार उघडून वाकलात, एवढ्यात टोकं गोळा होतात. गोळा झालेलं टोक कापू नका, पार्लरमध्ये येऊन तेवढाच केस काढून घ्या. आमच्याकडे हुरड्याच्या दिवसांत अशा दोघी-तिघी येतातच.

पुराच्या वेळी सामान वर हलवतो. तेव्हा काय बघायचं?

२०१९ आणि २०२१ पाहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. कृष्णेचं पाणी वाढायला लागलं की दुकानातला सगळा माल पोत्यांत भरून वरच्या मजल्यावर किंवा पाहुण्यांकडे. त्या घाईत ॲसिटोन, स्पिरिट आणि स्प्रे स्वयंपाकघरात सिलिंडरजवळ जाऊन बसतात, आणि वीज गेलेली असल्याने घरात मेणबत्त्या पेटलेल्या असतात. पेटणाऱ्या बाटल्यांसाठी वेगळी झाकणाची बादली आधीच ठरवून ठेवा, ती गॅलरीत सावलीत ठेवायची. पाणी ओसरल्यावर वायरमनने बघितल्याशिवाय मेन चालू करू नका, भिंतीतला ओलावा बाहेरून दिसत नाही.

कायद्याने काही करावं लागतं का?

महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम आहे. त्यात जबाबदारी मालकावर आणि जागा वापरणाऱ्यावर, दोघांवर आहे. ज्या इमारतींना तो लागू होतो तिथे यंत्रणा चालू असल्याचं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र दर वर्षी जानेवारी आणि जुलैत द्यावं लागतं. कॉम्प्लेक्समध्ये गाळा असेल तर सोसायटीला हा कागद दाखवायला सांगा. घरगुती पार्लरला काय लागू आहे ते महापालिकेच्या किंवा नगरपालिकेच्या अग्निशमन विभागात विचारा, विचारायला पैसे पडत नाहीत.

पुण्याहून माल एसटीने पार्सल मागवू का?

ग्लू कुरिअरने येऊ दे, बॉक्स सरळ ठेवून. ॲसिटोन, प्रायमर, स्प्रे प्रवासी गाडीतून आणू नका, ज्वलनशील मालाला तिथे मनाईच आहे. ॲसिटोन सांगलीतच केमिकलच्या दुकानात मिळतो, अर्धा लिटर घ्या, पाच लिटरचा कॅन स्वस्त पडला तरी नको. ट्रॉलीवर पंपाच्या छोट्या बाटलीत पन्नास मिली, बाकी लोखंडी कपाटात.

जुनी बाटली आणि वापरलेले बोळे कुठे टाकायचे?

उरलेला ग्लू तसाच डस्टबिनमध्ये टाकू नका, आत कापूस असतोच. प्लास्टिकच्या डब्यात ग्लूच्या दहापट पाणी घ्या आणि त्यात हळूहळू थेंब सोडा. तो पाण्यातच घट्ट होईल, मग कचऱ्यात चालतो. खिडकी उघडी ठेवा, थोडी वाफ येते.

ॲसिटोनचे बोळे झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, आणि तो डबा रोज रात्री दुकान बंद करण्याआधी बाहेर रिकामा करायचा. ॲसिटोन बेसिनमध्ये ओतायचा नाही. कचरा गोळा करून कोपऱ्यावर पेटवणारा शेजारी जवळजवळ प्रत्येक गल्लीत असतो, तुमचा बोळ्यांचा कचरा त्याच्या हाती लागू देऊ नका, घंटागाडीतच टाका.